विझार्ड भारी की वेळ अपुरा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे रंगवून फाशांवर खेळायच्या खेळावरचा लेख आवडला. मात्र पात्रांच्या पाचव्या पातळीनंतर फायटर (लढवय्या) हा विझार्डचा (मांत्रिकाचा) निव्वळ पहारेकरी उरतो, हे त्यातील मत मला एकांगी वाटते.

या पातळीला फायटर एका खेपेस दोन वार करतो. मोठी तलवार आणि ताकदीचे चार गुण धरले, तर दोन्ही वार लागल्यावर सरासरी २२ नुकसान होते. विझार्डचा फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) आठ फाशांनी सरासरी २८ नुकसान करतो आणि तेही वीस फूट त्रिज्येतल्या प्रत्येकाचे. बचाव साधला, तरी निम्मे होतेच. पण तलवार दिवसभर चालते, फायरबॉल दोनदा, फार तर तीनदा. २०१४ च्या नियमांत खेळातल्या एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत आहेत. फायटरचा ॲक्शन सर्ज (एका खेपेत जादा कृती) छोट्या विश्रांतीनंतरही परत मिळतो, तर विझार्डचे बहुतेक स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याच्या मोजक्या संधी) परत मिळायला रात्रीची झोप लागते.

आपल्याकडे काय होते? आम्ही कोथरूडला रविवारी चारला जमायचे ठरवतो, सिंहगड रस्त्याच्या कोंडीत सापडलेला भिडू पाचला उगवतो, चहा-खारी होते आणि आठला उठायचे म्हणून एकच लढाई उरकली जाते. पुढच्या रविवारी सगळे पुन्हा ताजेतवाने! मेंढीकोटमध्ये तेरापैकी एकच हात खेळायचा ठरला, तर हुकूम राखून कोण ठेवील? म्हणून आमच्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आता उरलेले स्लॉट वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली आहे आणि तीन रविवार मिळून खेळातला एक दिवस धरला जातो. तेव्हापासून आमचा विझार्ड खिसा चाचपून मंत्र टाकतो (आणि दर वेळी कुरकुरतो).

सतराव्या पातळीला विझार्डच्या हाती ‘विश’ हा इच्छापूर्तीचा मंत्र येऊ शकतो, त्यावर फायटरकडे उत्तर नाही, हे मात्र मान्य केलेच पाहिजे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सर्वांच्या शक्ती बव्हंशी एकाच साच्यात बसवून ही तफावत कमी केली होती, पण तो एकसारखेपणाच पुष्कळ खेळाडूंना रुचला नाही. माझ्या मते तो उपाय दुखण्याहून जड होता.

या विषयावर पुढचा लेख येणार असल्यास नव्या डीएमसाठी विश्रांतीच्या नियमांची एक चौकट त्यात द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे