मेळघाटातल्या मुलांची पहिली भाषा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, १७ जूनला त्यात झालेली दुरुस्ती, २९ जूनला दोन्ही रद्द होणं आणि त्रिभाषा धोरण ठरवायला नेमलेली डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती, यावर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून आलं. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नका, हे मला पूर्ण पटतं. पण महाराष्ट्रातल्या मुलाची पहिली भाषा मराठीच, असं त्या चर्चेत जवळपास सगळ्यांनी धरून चाललं. माझी सगळी नोकरी मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत झाली. तिथल्या कोरकू आदिवासी मुलाच्या घरी कोरकू भाषा बोलतात, त्याला मराठीच नवी असते. वर इंग्रजी २००० सालापासून पहिलीलाच आहे. त्याचं ओझं कुणी मोजलं?

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली भाषा. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक सात लाखांवर आहेत, बहुतेक मध्य प्रदेशात आणि आपल्या मेळघाटात. तिच्यात मराठीसारखं स्त्रीलिंग-पुल्लिंगाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. वस्तू सजीव की निर्जीव, हे बघतात. म्हणून पहिलीतलं पोर ‘आई आला’ म्हणतं. तेच पोर एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन बिनचूक सांभाळतं. संस्कृतातलं द्विवचन मराठीत उरलंसुद्धा नाही. त्याच्या डोक्यात व्याकरण पक्कं असतं, फक्त ते आपलं नसतं.

मी दर्यापूरकडची, वऱ्हाडी बोलणारी. मला कोरकू शिकवली ती गावातल्या बायांनी, मोहफुलं वेचताना. कितीतरी दिवस मी नुसती ऐकत होते. आधी कानाला सूर कळला, मग नावं, मग टोपली, पाणी, चूल. तोंड उघडलं ते फार नंतर. माझं चुकलं की बाया तेच वाक्य नीट म्हणून दाखवायच्या आणि कामाला लागायच्या. कुणी परीक्षा घेतली नाही. शिकलेल्या मोठ्या बाईला एवढी सवलत, आणि सहा वर्षांच्या लेकराला जूनमध्ये पुस्तक, थोड्या दिवसांत चाचणी. ते गप्प बसलेलं असतं, कान देऊन असतं. आपण मात्र त्याच्या नावापुढे ‘अप्रगत’ लिहून मोकळे होतो.

हीच मुलं आईबापासोबत धारणीच्या बाजारात हिंदी उचलतात. शाळेत शिकवायच्या आधीच! कारण तिथे ती सतत कानावर पडते आणि तिच्यावाचून काम अडतं. पोरं मंद आहेत म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांना भाव करताना ऐकावं.

वाचनाचं दुखणं याहून खोल आहे. क, म, ळ जोडून मूल ‘कमळ’ म्हणतं, पण तो शब्द कधी ऐकलेलाच नसेल तर आपल्याला वाचता आलं हे त्याला कळणार कसं? ओळखीचा शब्द अक्षरांतून अचानक निघाला की मुलाचा चेहरा उजळतो, आणि पुढचा शब्द ते आपणहून वाचायला घेतं. कोरकू देवनागरीत लिहितात. अक्षरं घरच्या शब्दांवर बसवली तर तीच मराठीलाही चालतात. दुसऱ्यांदा शिकवावी लागत नाहीत. तोवर मराठी गाण्यांतून, गोष्टींतून, खेळातून कानावर पडू द्यावी.

कोरकू आईबाप म्हणतात, ‘मॅडम, कोरकू घरी येतेच, मराठी-इंग्रजी शिकवा.’ त्यांचं चूक नाही. कचेरी, दवाखाना, नोकरीचा अर्ज सगळं मराठीत. मलाही मराठी कमी करायची नाही, ती पक्की यावी म्हणूनच हे लिहिते आहे.

संविधानाचं कलम ३५०-अ, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९, २०२० चं शैक्षणिक धोरण, तिन्ही मातृभाषेतून शिक्षणाच्या बाजूचे. ओडिशाने संथाळी, सावरा अशा भाषांत प्राथमिक शाळेची पुस्तकं काढून बरीच वर्षं झाली. आपल्याकडे एखादा मनापासून काम करणारा शिक्षक कोरकू-मराठी तक्ते स्वतः बनवतो, त्याची बदली होते आणि तक्ते कपाटात जातात. हे काम एकेकट्याच्या हौसेवर सोडायचं नाही.

मेळघाटात नेमणूक झालेल्या प्रत्येक शिक्षकाला रुजू होण्याआधी कोरकू शिकवा. बारावी झालेल्या कोरकू मुली गावांत आहेत, त्यांना पहिली-दुसरीच्या वर्गांवर मानधन देऊन घ्या. पहिल्या वर्षी वाचनाची चाचणी कोरकूत घ्या, मराठीची फक्त बोलण्या-ऐकण्याची. आणि भाषाधोरण ठरवणाऱ्यांनी जूनच्या शेवटच्या आठवड्यात धारणी तालुक्यातल्या एखाद्या पहिलीच्या वर्गात दिवसभर बसावं, सोबत कोरकू जाणणारं माणूस घेऊन.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, परतवाडा (जि. अमरावती)