उस्ताद, रायफल अजून तुमच्याच पद्धतीनं खोलते

उस्ताद, जय हिंद.

तुम्ही निवृत्त झालात हे मला उशिरा कळलं, तेही बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी हारतुऱ्यांचा फोटो टाकला म्हणून. निरोपाच्या भाषणांत शिस्त, निष्ठा, वेळेचे पक्के वगैरे झालंच असेल. मला वेगळ्या गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. पत्र उघडं लिहितेय, कारण पोलीस ट्रेनिंगला तुमच्या हाताखालून गेलेली पोरं-पोरी आज राज्यभर ठाण्यांत, कोर्टाच्या गार्डवर, ट्रेझरीच्या दारात उभी आहेत. त्यांच्यातल्या कुणाकडेच तुमचा गावाकडचा पत्ता नाही, माझ्याकडेही नाही. कुणीतरी वाचून दाखवेल तुम्हाला.

मी 'भुसावळ'. तुम्ही कुणालाच नावानं हाक मारली नाहीत. ज्या गावची पोरगी, तेच तिचं नाव. आमच्या स्क्वॉडमध्ये 'उमरगा' होती, 'चिखली' होती, दोन 'माण' होत्या. मी जळगावला भरतीत बसले नाही, कोकणात बसले. आता इथल्याच मुख्यालयात शस्त्रागाराला आहे आणि नव्या भरतीच्या मुलामुलींना शस्त्राचा तास घेते. तो तास मी जसा घेते तसा तुमच्यामुळे घेते, एवढंच खरं म्हणजे सांगायचंय. पण एवढंच लिहून पत्र पाठवलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "खोललं कुठं अजून? नुसतं कव्हर काढलंस."

आमच्या हातात पहिल्यांदा एसएलआर दिली तेव्हा ती उंचीनं आमच्यातल्या कितीतरी जणींच्या छातीला लागत होती. वजन साडेचार किलोच्या आसपास, त्यात वीस राऊंडचं मॅगझिन भरून लावलं की आणखी. इतर शिक्षकांनी तक्ता लावून भागांची नावं पाठ करून घेतली. तुम्ही तक्ता उलटा करून भिंतीला टेकवलात आणि आधी ही बाई कुठली ते सांगितलंत. बेल्जियममधल्या एर्स्टालच्या एफएन कारखान्यात द्यूदोने सेव्ह नावाच्या माणसानं हिचा आराखडा केला. ब्रिटिशांनी ती 1954 मध्ये घेतली आणि तिला सेल्फ लोडिंग रायफल म्हणायला लागले. आपले जवान 1962 मध्ये चीनसमोर बोल्ट ओढायची थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. त्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत हिचीच आपली आवृत्ती, 1ए1, बनायला लागली. पुढं पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेनं आराखडा केलेली इन्सास रायफल लष्करात आली आणि जुन्या एसएलआर मोठ्या संख्येनं पोलिसांकडे उतरल्या. "म्हणजे तुमच्या हातात आहे ती कदाचित तुमच्या बापापेक्षा मोठी आहे. मान द्या," असं तुम्ही म्हणाला होतात. आम्ही हसलो. पण त्या दिवसापासून कुणी ती भिंतीला नळीवर टेकवून ठेवली नाही.

मग खोलणं. तुमचा पहिला नियम मी आजही फळ्यावर लिहीत नाही, तोंडानं म्हणवून घेते. मॅगझिन आधी काढायचं, मग कॉक करायचं, म्हणजे कॉकिंग हँडल मागं ओढायचं. उलटं केलं तर मॅगझिनमधला राऊंड नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये जाऊन बसतो आणि आपण समजतो की रिकामी केली. मग चेंबर डोळ्यानं बघायचं, आणि डोळ्यावर विश्वास न ठेवता करंगळी घालून बघायचं. शेजारणीनं आत्ताच बघितलं असलं तरी हातात आली की आपण पुन्हा बघायचं. तुम्ही स्वतः शस्त्रागारातून काढलेली रायफल आम्हाला देताना बघायचात, आणि आमच्याकडून दोन पावलांवर परत घेताना पुन्हा बघायचात. तेव्हा ते जरा नाटकी वाटायचं. आता माझे विद्यार्थी माझ्याकडे त्याच नजरेनं बघतात.

बॉडी लॉकिंग लीव्हर दाबला की बट खाली मोडतो. स्लाइडची, म्हणजे कॅरियरची, शेपटी धरून ओढलं की कॅरियर आणि चेंबर मागून बंद करणारा ब्रीच ब्लॉक एकत्र बाहेर येतात. बॉडी कव्हर मागं सरकवून काढायचं. पुढं गॅस प्लगचा प्लंजर दाबून प्लग फिरवायचा, तळहात आड धरून, कारण आतली पिस्टन स्प्रिंग त्याला बाहेर फेकते. हे सगळं कुठल्याही चोपड्यात आहे. चोपड्यात नसलेलं तुम्ही शिकवलंत. प्रत्येक भाग सतरंजीवर ठेवण्याआधी तो हातात धरून विचारायचात, "हा नसता तर काय झालं असतं?"

पिस्टन हातात घेऊन तुम्ही जे सांगितलंत तिथून मला ही रायफल कळायला लागली. गोळी नळीतल्या बारीक भोकाच्या पुढं गेली की मागचा थोडा गॅस त्या भोकातून वर येतो आणि पिस्टनला धडक देतो. पिस्टन कॅरियरला एकच तडाखा देऊन स्प्रिंगच्या जोरानं जागेवर परततो. तेवढ्यावर कॅरियर मागं जातो, लॉकिंग शोल्डरला टेकलेली ब्रीच ब्लॉकची मागची बाजू वर उचलतो, पुंगळी ओढून बाहेर फेकतो, हॅमर दाबतो, आणि बटातल्या रिटर्न स्प्रिंगनं ढकलला की येताना नवा राऊंड घेऊन पुढं येतो. ट्रिगर सोडून पुन्हा दाबेपर्यंत दुसरी गोळी नाही. थ्री-नॉट-थ्रीला हे सगळं माणसाचा उजवा हात करायचा, इथं तेच काम चिमूटभर गॅस करतो. आणि म्हणूनच, तुम्ही म्हणालात, सफाई. त्या चिमूटभर गॅसच्या वाटेत कार्बन साचला की हात थकल्यासारखी रायफल थकते. पुंगळी अर्धवट बाहेर येते, नाहीतर कॅरियर पुरता मागं जातच नाही.

गॅस रेग्युलेटर समजावताना तुम्ही कुकर काढलात. शिट्टीतून वाफ जास्त सुटली तर आत दाब कमी, कमी सुटली तर आत जास्त. रेग्युलेटर उघडला की जादा गॅस बाहेर जातो, बंद करत नेला की पिस्टनला जास्त मिळतो. 'चिखली'ला राग आला होता. मुली आहेत म्हणून कुकरच का, असं ती पुटपुटली. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात की घरी कुकर तुम्हीच लावता, बायको शाळेत शिकवते आणि तिला उशीर होतो. मला वाटतं त्या दिवसापासून मुलींनी तुम्हाला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

त्या सुमाराला मैदानावर सगळा जोर वेळेवर होता. डोळ्यांवर पट्टी, शिट्टी, स्टॉपवॉच, आणि कोण आधी खोलून जोडतं. मी त्यात कायम शेवटाकडे असायचे. ज्यांच्याकडे तो तास होता त्यांनी मला सरळ सांगितलं होतं की हे पोरींचं काम नाही. तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत. संध्याकाळी शस्त्रागाराच्या ओट्यावर मला आणि आणखी दोघींना बसवलंत, घड्याळ खिशात घातलंत, आणि एकच रायफल मन भरेपर्यंत खोलायला लावलीत. "आंधळ्यानं पुसलेली नळी आंधळ्यालाच स्वच्छ दिसते," हे तुमचं वाक्य. डोळे उघडे ठेवून काम करा, चेंबरच्या कडेचं काळं बघा, ब्रीच ब्लॉकच्या तोंडावरचं पितळेचं चकाकणं बघा, एक्स्ट्रॅक्टरच्या नखात अडकलेला कण बघा.

इथं मी तुमच्याशी जरा भांडणार आहे. अंधारात खोलता आलंच पाहिजे असं मला आता वाटतं. पावसाळ्यात इथं लाइट किती वेळ असते ते तुम्हाला माहीत नाही, आणि बंदोबस्तावरून रात्री भिजून आलेल्या रायफली सकाळपर्यंत तशाच ठेवता येत नाहीत. म्हणून मी पट्टीचा सराव घेते. फक्त घड्याळाशिवाय घेते, आणि शेवटी टॉर्च लावून नळी उजेडात धरायला लावते. एवढी तडजोड चालेल ना?

सफाईचं तुमचं सगळं जसंच्या तसं आहे. नळी ब्रीचच्या, म्हणजे मागच्या बाजूनं साफ करायची, तोंडाच्या बाजूनं नाही. पुल-थ्रूचं, म्हणजे सफाईच्या दोरीचं, वजन आत सोडायचं, चार बाय दोन इंचांची चिंदी फाशात बसवायची आणि एका ओढीत बाहेर काढायची, मध्ये थांबायचं नाही. ओढताना दोरी नळीच्या कडेला घासू द्यायची नाही, कारण साधा सुताचा दोर वर्षानुवर्षं एकाच जागी घासून पोलादाला खाच पाडतो आणि नळीचं तोंड बिघडलं की नेम गेला. तेलाची चिंदी वेगळी, जरा अरुंद. गॅसच्या वाटेवर, पिस्टनवर तेल थापायचं नाही. फायरिंगच्या आधी ते भाग कोरडे, कारण तेल जळलं की त्याचाच कार्बन होतो. चांदमारी, म्हणजे गोळीबाराचा सराव, झाली की त्याच दिवशी एकदा पुसून मोकळं व्हायचं नाही, पुढचे काही दिवस रोज बघायचं, कारण आज चकचकीत दिसणारी नळी उद्या पुन्हा काळं सोडते. हे ऐकून नवी पोरं कंटाळतात. मग मी त्यांना दुसऱ्या दिवशीची चिंदी दाखवते. ती बघितली की बोलणं थांबतं.

कोकणात आल्यावर कळलं, हाताच्या घामानं लोखंड गंजतं हे जे 'घामाचं' तुम्ही सांगायचात ते किती खरं होतं. भुसावळकडे मे महिन्यात लोखंड तापतं, पण गंजत नाही. इथं समुद्राचा वारा आणि चार महिने पाऊस. कुणी बॉडीवर बोटं टेकवून रायफल तशीच रॅकला लावली, तर थोड्याच दिवसांत बोटांचे ठसे गंजानं उमटतात. म्हणून जमा करून घेताना तेलाचा हात सगळ्यांत शेवटी, आणि त्यानंतर उघड्या हातानं धातूला शिवायचं नाही. लाकडाला मात्र रायफलचं तेल नाही, जवसाचं. तुमच्याकडे ती बाटली कायम खिडकीत असायची. माझीही खिडकीत आहे, आणि इथल्या लोकांना जवस म्हणजे काय हे आधी सांगावं लागतं.

जोडणं तुम्ही खोलण्याइतकं रंगवून शिकवलं नाहीत. शेवटी निघालेलं आधी बसतं, बाकी भाग स्वतःच सांगतात, असं म्हणालात आणि गप्प बसलात. दोनच ठिकाणी हात धरलात. एक, बट मिटवताना स्लाइडची शेपटी सरळ भोकात जातेय का ते बघायचं. जोर लावायचा नाही, वाकली की संपलं. दुसरं, फायरिंग पिन. पिन न घालताही ही रायफल जोडली जाते, बंद होते, कॉक होते, ट्रिगर दाबला की आवाजही येतो. सगळं बरोबर वाटतं. म्हणून जोडण्याआधी सतरंजी रिकामी आहे का हे हात फिरवून बघायचं, आणि जोडल्यावर कॉक करून, सेफ्टीवर आणि सेफ्टीशिवाय, ट्रिगर तपासायचा.

निवडणुकीच्या बंदोबस्ताला शस्त्रं निघायची होती तेव्हाची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. दुसरीकडून आलेल्या रायफलींपैकी एकीचा गॅस प्लग उलटा बसलेला होता, रायफलवरून ग्रेनेड डागायच्या स्थितीत. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. पण त्या स्थितीत पिस्टनकडे गॅस जातच नाही, म्हणजे एक गोळी सुटेल आणि मग प्रत्येक वेळी हातानं कॉक करत बसावं लागेल. यादीवर सही करून दिली असती तरी चाललं असतं, कागद पूर्ण होते. पण तुमच्या सवयीनं मी प्रत्येकीच्या प्लगवर अंगठा फिरवते. बट नंबर लिहून घेतला, प्लग सरळ केला, ती पुढं गेली. ज्या शिपायाला ती मिळाली त्याला यातलं काही माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नव्हती.

चांदमारीला पुंगळ्या मोजताना आणखी एक गंमत. बुडावर ओएफव्ही दिसलं की मी पोरांना सांगते, ही वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची, माझ्या गावापासून जवळच. बालपणी त्या फॅक्टरीत नोकरी म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या स्थळाला वजन. आता मी तिथला माल मोजून घेते, एक कमी पडली तरी संध्याकाळपर्यंत गवतात शोधत बसते.

आणि उस्ताद, आभार मानून झाल्यावर एक कामाचं विचारते, नाहीतर तुम्हाला हे पत्र भावनेचं वाटेल. माझ्याकडे तीन-चार जुन्या रायफली आहेत ज्यांचा रेग्युलेटर कार्बननं इतका जाम झालाय की कॉम्बिनेशन टूलनंही हलत नाही. रात्रभर तेलात ठेवून बघितलं. ठोकायला मन होत नाही. तुम्ही आमच्या वेळी एक सोडवला होता, पण आम्हाला तेव्हा फालिनला, रांगेत उभं राहायला पाठवलं होतं, म्हणून कसा सोडवलात ते बघायचं राहून गेलं. ज्याच्या हातात हे पत्र पडेल त्याच्याकडून दोन ओळी कळवा. आणि जमलं तर दिवाळीनंतर याच इकडे, नव्या बॅचची चांदमारी तेव्हाच आहे. वहिनींनाही आणा, कुकर मी लावेन.

तुमची,
भुसावळ