दोष फक्त मोबाईलचा नाही

महोदय,
तरुण मुलं चर्चला का येत नाहीत यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला, पण सगळं खापर मोबाईलवर फोडलंय ते काही पटलं नाही. अमेरिकेत लाइफवे रिसर्च या ख्रिस्ती संशोधन संस्थेने २०१७ मध्ये केलेल्या सर्व्हेत, शाळेत असताना नियमित चर्चला जाणाऱ्या प्रॉटेस्टंट मुलांपैकी ६६ टक्के मुलांचं १८ ते २२ या वयात निदान वर्षभर तरी जाणं बंद झालं होतं, आणि त्यांनी सांगितलेलं सगळ्यात मोठं कारण होतं कॉलेजसाठी घर सोडणं! म्हणजे बरेच जण भांडून किंवा श्रद्धा सोडून जात नाहीत, नुसते सुटतात.

मी बरीच वर्षं संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, घेते. आमच्याकडे उपासनेत गिटार वाजवणारा एक मुलगा होता, तो शिकायला बाहेर गेला आणि दोन वर्षं त्याला आमच्यापैकी कोणी साधा फोनही केला नाही, मी पण नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. सुट्टीत आला तेव्हा दारातच एकांनी विचारलं, "काय, आज वाट चुकलास का?" तो शेवटच्या बाकावर बसला आणि उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादाआधीच उठून गेला. नंतर एका आजींनी त्याचा नंबर मिळवला, दर परीक्षेच्या आदल्या रात्री "तुझ्यासाठी प्रार्थना केली" एवढंच कळवायच्या, उपदेश अजिबात नाही. आता तो परत येतो आणि लहान मुलांना गिटार शिकवतो. स्टेज, लाइट्स, साऊंड सिस्टिमवर खर्च करण्याआधी पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) आणि चर्च कमिटीने बाहेरगावी गेलेल्या मुलांची यादी तरी काढावी.

- एक संडे स्कूल शिक्षिका