आई-बाबा, एफडी मोडू नका

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा म्हणाले, "एफडी मोडायचा फॉर्म आणून ठेवलाय, तू नुसतं हो म्हण." मागून आईचा आवाज आला, "पाटल्या पण आहेत म्हणावं." मला पुढे बोलवेनाच, म्हणून लिहायला बसले. बाबा, तो फॉर्म फाडून टाका. आई, पाटल्या होत्या तिथे ठेव.

पैशांची गरज आहे हे खरं. फेब्रुवारीत द्राक्षं उतरायला लागतील. त्याआधी दहा शेडवर बेदाणा वाळवायची आमची यंत्रं बसवायची तर ६० लाख हवेत. बँकेचं कर्ज का नको, असं बाबांनी विचारलं होतं. कर्जाचा हप्ता सहसा लगेच सुरू होतो आणि बेदाणेवाल्याच्या हातात पैसा येतो सौदे झाल्यावर, उन्हाळा सरत आला की. तोवर आम्ही हप्ता कुठून भरायचा? थकला तर बँक तारणाकडे बघणार, म्हणजे आपल्या ओढ्याकडच्या पट्टीकडे. गुंतवणूकदार कंपनीत हिस्सा घेतो. धंदा बुडाला तर त्याचाही पैसा बुडतो, आणि हे जाणूनच तो पैसे लावतो. अशी माणसं दहा ठिकाणी थोडे थोडे लावून ठेवतात. तुमची एफडी एकच आहे.

पहिलं यंत्र उभं राहिलं ते सरकारी अनुदानावर. केंद्राच्या २०२१ च्या सीड फंड योजनेत इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थेमार्फत, नमुना बनवायला २० लाखांपर्यंत मिळत होते, त्यातले आम्हाला १२ मिळाले, तेही टप्प्याटप्प्यानं. पण त्या पैशांत नमुनाच होतो. धंदा उभा करायला माणसं शोधावी लागतात.

मार्चपासून ३१ जणांना भेटले. बहुतेकांनी बेदाणा फक्त खाल्लेला. शेडवर जाळ्या कशा असतात, अवकाळीची एक सर आत आली की हिरवा माल काळा कसा पडतो, हे पंधरा मिनिटांत सांगायचं. दर वेळी मला काकांच्या शेडवरची ती रात्र आठवायची, आई ताडपत्रीचं टोक दोन्ही हातांनी धरून उभी होती ती. काहींनी ऐकून घेतलं आणि नंतर फोनच उचलला नाही. त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

एक गृहस्थ मात्र वेगळे निघाले. भोसरीत सुट्या भागांचा कारखाना चालवून आता निवृत्त झालेत. त्यांनी पहिलाच प्रश्न घातला, "तुमचं यंत्र वर्षात दोन महिने चालणार. उरलेले दहा महिने काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत येऊन जुलैत त्याच यंत्रात शेवग्याचा पाला वाळवला, रंग टिकला. ते घेऊन पुन्हा गेले. आता ते आणि त्यांचे तीन मित्र मिळून ६० लाख लावायला तयार आहेत.

बाहेरचा माणूस कंपनी बळकावेल, ही बाबांची भीती. ६० लाखांना १२ टक्के हिस्सा ठरतोय, ८८ टक्के आम्हा दोघा भागीदारांकडे राहतो. पण लपवत नाही, काही मोठे निर्णय त्यांच्या संमतीशिवाय घेता येणार नाहीत. उद्या कंपनी विकली तर आधी त्यांचे ६० लाख, मग आमचं. हे कलम वाचताना मला लागलं. सीएंनी दोनदा समजावलं, मग पटलं. एंजल टॅक्सचं, म्हणजे नव्या कंपनीत आलेल्या काही गुंतवणुकीवर लागणाऱ्या कराचं, तुम्ही पेपरात वाचलं होतं, तो २०२४ च्या जुलैच्या बजेटमध्येच काढून टाकलाय.

बाबा, कुंडलच्या शाळेत तुम्ही आम्हाला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगायचात. लोखंडी नांगरानं जमीन नासते म्हणून लोक घ्यायला तयार नव्हते. तेव्हा मला नांगरच लक्षात राहिला होता. आता १९१० साली माळावर त्यांना जागा देणारे औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी जास्त आठवतात.

आणि एक सांगायचंय. त्या गृहस्थांनी आमचं सादरीकरण भराभर पुढे ढकललं, पण तुमची शंभरपानी वही दहा मिनिटं चाळत बसले. सकाळ-दुपार-संध्याकाळ, तापमान, हवेतली आर्द्रता, चौदा दिवसांच्या नोंदी, मधे चहाचा डाग आणि त्याखाली "आज ढग" असं लिहिलेलं. "हे कोणी लिहिलं?" म्हणाले. वडिलांनी, असं सांगितलं.

त्यांना आता मागच्या वर्षीची वहीही हवी आहे. कपाटात वरच्या खणात, पंचांगांच्या खाली असेल. गुरुवारच्या एसटीनं कोणी येत असेल तर त्याच्याकडे द्या. सावळज आणि मणेराजुरीतल्या तुमच्या चार-पाच विद्यार्थ्यांना सांगून ठेवा, पुण्याहून फोन येईल, जे खरं असेल ते बोला. यंत्र एकदा दोन दिवस बंद पडलं होतं, तेही सांगू देत.

दिवाळीला येते. आई, त्या पाटल्या तू पाडव्याला घालायच्या.

तुमची,
वैशू