कॅसेट सापडली

कुर्ला, मुंबई
जुलैचा तिसरा आठवडा

प्रिय मित्रा,

दोन दिवस झाले, पाऊस थांबायचं नाव घेत नाही. आज माळा आवरताना तू भरून दिलेली कॅसेट हाती लागली. 'जार्स ऑफ क्ले' असं बँडचं नाव तुझ्या अक्षरात, आणि खाली निळ्या पेनाने 'पहिलं फ्लड ऐक'. घरात टेपरेकॉर्डर कुठला आता! तरी त्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि 'फ्लड' हे गाणं मनात आपोआप सुरू झालं.

आपण दहावीत होतो. तुमच्या कलिन्याच्या घरात, तुझ्या दादाच्या टेपवर मी ते पहिल्यांदा ऐकलं. तोवर तुमच्या चर्चची गाणी म्हणजे ऑर्गनवर संथ चालणारी, एवढंच मला ठाऊक. आणि हे तर पहिल्याच क्षणी अंगावर आलं! साधी लाकडी गिटार, पण अशी झपाट्याने वाजवलेली की पत्र्यावर सर कोसळावी. मग मध्येच सगळं मागे सरतं आणि तारवाद्यं वर येतात. त्या जागी तू हात वर करून मला गप्प बसवायचास. अजूनही तिथे माझा श्वास अडकतो.

१९९५ चा अल्बम, अमेरिकेतल्या इलिनॉयच्या एका कॉलेजातली पोरं, आणि या गाण्याचा निर्माता किंग क्रिम्झन या रॉक बँडमधला एड्रियन बेल्यू. हे सगळं तू कव्हरवर बघून सांगायचास. बँडचं नाव संत पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातलं, हेही तूच सांगितलंस: ठेवा मोलाचा, पण ठेवलाय मातीच्या भांड्यांत. धारावीच्या कुंभारवाड्यावरून जाताना रचलेले माठ दिसले की मला अजून तेच आठवतं.

देवाचं गाणं असं वाजवतात का, असं तेव्हा किती जणांनी विचारलं. मला तो प्रश्नच कधी पटला नाही. तुकोबा विठ्ठलाशी कडाकडा भांडले. मग गिटार घेऊन कुणी देवाला हाक मारली तर बिघडलं कुठे?

पण खरं सांगू, शब्द मला तेव्हा कळलेच नव्हते. चाळीस दिवसांचा पाऊस, चिखल होत चाललेला माणूस, 'मला वर उचल' ही विनवणी, हे सगळं मला आपल्या मुंबईच्या पावसाचं वाटायचं. छत्री उलटी झाली की मी मोठ्याने तेच गायचो.

मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपल्याला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळत होतं की मिठी नदीचं पाणी तुमच्या उंबऱ्यावरून आत आलंय आणि मला घरी जाता येणार नाही. खाट बुडाली, मग ओटा. दिवे गेलेले. आंटी टेबलावर बसून रोझरी म्हणत होत्या आणि तू माझ्या शेजारी हळूच 'फ्लड' गुणगुणायला लागलास. 'मला वर उचल' या ओळीपाशी तुझा आवाज फुटला. पुढचे शब्द मी म्हटले. दोन वर्षं ती ओळ मी गात होतो. त्या रात्री ती मागितली.

थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरच्या पोरांनी साड्यांना गाठी मारून खाली सोडल्या. आधी आंटी, मग तू, मग मी. ती हिरवी साडी कोणाची होती, ते मी कधी विचारलंच नाही. याची मला अजून रुखरुख वाटते.

तुला ठाऊक आहे का, याच बँडने पुढे 'ब्लड:वॉटर' नावाची संस्था काढली. आफ्रिकेतल्या गावांना प्यायचं स्वच्छ पाणी मिळावं म्हणून ती काम करते. हे वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे आल्या आंटी. चहूकडे पाणी, आणि त्या तीन दिवस एकेक पातेलं उकळून आधी शेजाऱ्यांच्या लहान मुलांना देत होत्या.

तुम्ही वसईला गेलात त्यालाही आता किती वर्षं झाली! त्या रात्रीबद्दल आपण नीट कधी बोललोच नाही. मला बोलायचंय.

दादाचा तो टेप अजून चालतो का, तेवढं कळव. चालत असेल तर रविवारी कॅसेट घेऊन येतो. दुपारी येईन, आंटींना सांगून ठेव.

तुझाच,
कुर्लेकर