लॅबमधले दहा संगणक मुलांच्या ताब्यात द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

गेली बारा वर्षं मी सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम लिहितो. शिकलो तालुक्याच्या गावातल्या एका तंत्रनिकेतनात. हे पत्र तिथल्या संगणकांच्या लॅबबद्दल आणि तिथे हव्या असलेल्या लिनक्सबद्दल आहे. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी, पण कुणालाही फुकट वापरता येणारी प्रणाली.

लॅबच्या दारावर पाटी होती: ‘सेटिंगला हात लावू नये.’ सी या प्रोग्रामिंग भाषेची प्रात्यक्षिकं टर्बो सीवर व्हायची. डॉस या जुन्या प्रणालीसाठी १९८७ साली निघालेलं, सीचे प्रोग्राम लिहून चालवायचं ते साधन. पडदा पुसणारी ‘सीएलआरएससीआर’ ही ओळ लिहिल्याशिवाय प्रोग्राम सुरूच होत नाही, अशी आमची समजूत. ती सी भाषेत मुळात नाहीच, हे जीसीसीने, म्हणजे लिनक्सवर सीचे प्रोग्राम चालवण्याजोगे करून देणाऱ्या मुक्त कंपायलरने, एरर दिली तेव्हा कळलं.

जीसीसी भेटला हॉस्टेलवर. एका सीनियरकडून जुना संगणक घेतला, त्यानेच त्यावर लिनक्स घालून दिलं. वायफाय चालेना. तीन रात्री कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश वाचत बसलो. वायफायचं कार्ड सापडलंय, पण ते चालवणारी फर्मवेअर फाइल मिळत नाही, असं तिथे चक्क लिहिलेलं होतं! मित्राच्या पेनड्राइव्हवरून फाइल आणून जागेवर ठेवली आणि वायफाय लागलं. संगणक का अडलाय हे तो स्वतःच सांगतो, वाचायची सवय हवी. माझं पुढचं सगळं काम त्या सवयीवर उभं आहे.

पहिल्या मुलाखतीत विचारलं, ‘डिस्क भरलेली दिसते, पण फाइलींची बेरीज निम्मीही होत नाही. का?’ हे माझ्या संगणकावर घडून गेलं होतं. प्रोग्रामच्या नोंदींची लॉग फाइल पुसली, तरी चालू प्रोग्राम ती धरून बसला असेल तर जागा सुटत नाही. नोकरी मिळाली.

पुढे एका मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पाला चार ओळींची दुरुस्ती पाठवली. तपासणाऱ्याने ती तीनदा परत केली, दर वेळी कारण लिहून. कॉलेजच्या तीन वर्षांत माझा कोड इतक्या बारकाईने कुणीच वाचला नव्हता.

लिनक्समुळे लायसन्सचे पैसे वाचतात, ते वाचोतच. पण जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतात, मुलांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. लिनक्सचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्राम, कुणालाही उघडून वाचता येतो. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवर संगणक शिकतात. आपली डिप्लोमाची मुलं मागे का?

प्रत्येक सरकारी तंत्रनिकेतनात दहा संगणकांवर लिनक्स बसवा आणि रूटचा, म्हणजे सगळं बदलायची मुभा असलेल्या खात्याचा, पासवर्ड मुलांना द्या. बिघडले तर बिघडू देत, पुन्हा बसवायला तासभरही लागत नाही. सीची प्रात्यक्षिक परीक्षा जीसीसीवर घ्या. शिक्षकांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ धड्यांच्या उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत लॅब रिकामी असते. माझ्या तंत्रनिकेतनातले दहा संगणक मी स्वतः येऊन बसवून देतो. प्राचार्यांच्या हातात तेवढं आपल्या परवानगीचं पत्र हवं.

आपला,
एक माजी विद्यार्थी