आई, तुझं काही चुकलं नाही

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझ्या पोटाचं ऑपरेशन नीट झालं, हे फोनवर सांगितलंच. पण आई, तू रडत म्हणालीस, "लहानपणीच दाखवायला हवं होतं गं." ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

आपण आईच्या पोटात अगदी पहिल्या दिवसांत असतो ना, तेव्हा आतड्याला एक बारीक नळी जोडलेली असते. सातव्या आठवड्याच्या सुमारास ती मिटून जाते. तुला दिवस गेल्याचं तेव्हा जेमतेम कळलं असेल. शंभरातल्या दोघांची ती पूर्ण मिटत नाही, लहान आतड्याच्या शेवटाकडे बोटाएवढी पिशवी राहते. मेकल्स डायव्हर्टिक्युलम म्हणतात तिला. बहुतेकांना ती जन्मभर कळतही नाही. माझ्या पिशवीत मात्र जठराचं अस्तर होतं. जठरात शोभणारं आम्ल ते भलत्याच जागी गाळत बसलं, शेजारच्या नाजूक आतड्याला व्रण पडला आणि तिथून रक्त जात राहिलं. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर आधी सापडलं असतं.

बाबा, दोन्ही दुर्बिणी झाल्या तरी काही दिसलं नाही म्हणून तुम्ही चिडला होतात. एक दुर्बीण तोंडातून जाते, दुसरी खालून. मधलं लहान आतडं दोघींच्याही टप्प्यात येत नाही. शेवटी शिरेतून टेक्नेशियमचं, म्हणजे किंचित किरणं सोडणाऱ्या द्रव्याचं, इंजेक्शन देऊन स्कॅन केला. जठराचं अस्तर ते ओढून घेतं. पडद्यावर जठर उजळलं, ते उजळणारच होतं. पण त्याच वेळी खाली उजवीकडे एक इवलासा ठिपकाही उजळला. मी बघतच राहिले. इतकी वर्षं हा पोटात होता!

आई, माझी खालची पापणी ओढून तू किती वेळा बघायचीस, "पांढरी दिसतेय" म्हणायचीस. तुझं बरोबरच होतं. मोठ्या वयात असं रक्त जाणं विरळा, त्यामुळे इथल्या डॉक्टरांनाही आधी ते सुचलं नव्हतं. तू कुठून ओळखणार होतीस?

बाबा, पुन्हा होईल का, हे तुम्ही दोनदा विचारलंत. पिशवी आणि व्रण असलेला आतड्याचा तुकडा काढून टोकं जोडली आहेत. तो भागच आता राहिलेला नाही.

लोहाच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी शौचाचा रंग काळपट होतो, तेव्हा मी फोनवर तसं म्हणाले तर घाबरू नका.

तुमची,
धाकटी